तीन टिंबं

कर्वेनगरातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर सर राहत. त्यांच्या दाराला पाटी होती : ‘येथे मोडी कागद वाचून मिळतील. लिहिले असेल ते सगळे वाचले जाईल. सोसत नसेल त्यांनी कागद ट्रंकेतच ठेवावा.’

पुण्यात पाट्यांना कोणी भीत नाही. कोणी कुठे गाडी लावू नये, बेल कितीदा वाजवावी, कोणाच्या अंगणातली फुलं कोणी तोडू नयेत, हे वाचतच आम्ही लहानाचे मोठे झालो. मीही ती पाटी वाचून हसले आणि बेल वाजवली. दोनदा वाजवली, तर आतून आवाज आला, ‘एकदाही ऐकू येते.’

सरांनी दार उघडलं ते हात पुसतच. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, काटकुळे. शर्टाला दोन खिसे. डावा त्यांचा स्वतःचा आणि उजवा ‘लोकांचा’, म्हणजे लोकांच्या चिठ्ठ्याचपाट्यांचा. त्यांनी मला आधी बेसिन दाखवलं. ‘हात धुवा, मग कागद काढा.’ त्या दिवशी नेलेला आमचा एक किरकोळ कागद वाचून झाल्यावर ते स्वतः पुन्हा हात धुवायला गेले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘अहो, आधीचे कागदासाठी. नंतरचे माझ्यासाठी.’

मला तेव्हा वाटलं, म्हातारा जरा सर्किट आहे. आज वाटतं, त्या शहरात तो एकटाच शुद्धीवर होता.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांनी पाठवलं म्हणून. आमच्या आडनावाचं एक कुलमंडळ आहे आणि बाबा त्याचे चिटणीस. कुलमंडळाचं मुख्य काम म्हणजे कुलवृत्तांत छापणे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : एका आडनावाच्या यच्चयावत माणसांची, मूळ पुरुषापासून परवा जन्मलेल्या बाळापर्यंतची जंत्री म्हणजे कुलवृत्तांत. कोण कोकणातून कधी वर आला, कोणाला कोणती सनद मिळाली, कोणाची मुलगी कोणाकडे दिली आणि कोण हल्ली सॅन होजेत असतो, हे सगळं त्यात असतं. पहिली आवृत्ती माझ्या आजोबांनी काढली होती. बारा वर्षं ते त्यासाठी गावोगाव हिंडले. आता दुसरी काढायची होती, आणि घरात कॉम्प्युटर येणारी मी एकटी. सहस्रक बदलायला वर्ष-दीड वर्ष होतं, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधली सालं दुरुस्त करत होते. बाबा म्हणाले, ‘नाहीतरी जुनंच बघतेस, मग आपलंही बघ.’ आणि मला सरांच्या मोडीच्या वर्गात घातलं.

वर्ग दर रविवारी सकाळी कोथरूडच्या एका शाळेत भरायचा. आम्ही आठ-दहा जण, सगळे वयाने वाढलेले. तरी सर पहिल्या दिवसापासून हजेरी घेत. हजेरीपट स्वतः आखलेला, नावं बोरूने मोडीत लिहिलेली. नाव घेतलं की उठून ‘हजर’ म्हणायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘अहो सर, दहा तर माणसं आहोत. दिसतोय की आम्ही.’

‘दिसणं आणि हजर असणं यांत फरक असतो,’ सर म्हणाले. ‘बँकेत होतात, तुम्हांला माहीत असेल.’

त्यांची आणखी एक खोड वर्गात फार गाजली. आम्ही सरावासाठी जुन्या याद्या वाचायचो. घरखर्च, लग्नाची सामग्री, तबेल्यातली जनावरं. वाचता वाचता मध्येच एखादी कुणबीण यायची. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे. त्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, किंवा दुष्काळात आईबापांनी विकलेली, किंवा बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा केलेली बाई. तिला दळायला लावायचं, शेण काढायला लावायचं, कोणाला बक्षीस द्यायचं, पुन्हा विकायचं. ती आली की सर पुस्तक मिटत आणि खुर्चीतून उठत.

‘उठा. बाई आली.’

मग सगळ्या वर्गाने उभं राहायचं, आणि तिच्याबद्दल जेवढं लिहिलं असेल तेवढं उभ्याने वाचायचं. नाव, वय, अंगावरची खूण. सर म्हणत, ‘या कधी कोणासमोर बसल्या नसतील. तेवढा वेळ आपण उभं राहिलो तर झिजणार नाही.’ बँकवाल्या काकांचे गुडघे दुखायचे. एकदा एका पानावर तीन बाया आल्या, तेव्हा ते चिडून म्हणाले, ‘अहो, दोनशे वर्षांपूर्वी गेल्या त्या!’

‘गेल्या कुठे?’ सर म्हणाले. ‘आत्ता तर आल्या.’

हे सगळं आम्ही घरी जाऊन रंगवून सांगायचो. मी तर सरांची नक्कल छान करायचे. बाबा पोट धरून हसायचे.

एकदा मात्र मला त्यांनी असं फटकारलं की आठवलं की अजून कान गरम होतात. त्या आठवड्यात कंपनीत रोज बारा-बारा तास काम होतं, दोन वर्षांचा बाँड लिहून दिलेला, मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या कपाटात. आमच्यात तेव्हा असं बोलायची फॅशनच होती, म्हणून मी वर्गात म्हणाले, ‘सर, हे तुमचे गुलाम जुने झाले. खरे गुलाम आम्ही.’

सरांनी बोरू खाली ठेवला. ‘नोकरी नको झाली तर काय करता?’

‘राजीनामा देणार. सर्टिफिकेटं अडकवतील थोडे दिवस.’

‘आणि उद्या तुम्हांला मूल झालं, तर ते कोणाचं?’

‘म्हणजे काय? माझंच.’

‘मग हा शब्द माझ्यासमोर परत वापरू नका. ज्यांचा तो आहे, त्यांच्याकडे दुसरं काही नाही.’

सर्टिफिकेटं अडकवणं चूकच होतं, तेही सरांनी नंतर मान्य केलं. पण शब्द परत दिला नाही.

पुढे आमच्या कंपनीने टीमला जुन्या पेठांची सहल घडवली, रविवारी सकाळी, पायी. मी सरांना बरोबर नेलं. गाइड चुणचुणीत होता. इथे कारंजं, इथे चित्रं, इथे पाचशे पानांची पंगत. सरांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

‘पाचशे पानं म्हणालात. उष्टी कोण काढत होतं?’

‘सर्व्हंट्स असतील ना, सर.’

‘नोकर संध्याकाळी घरी जातो. या जात नव्हत्या. त्यांची जागा कुठली, तेवढी दाखवा.’

गाइडने हातातला कागद पाहिला. ‘सर, तो पॉइंट आपल्या रूटवर नाहीये.’

आमचा मॅनेजर ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणाला आणि त्याने घड्याळ बघितलं. मला लाज वाटली. गाइडची नाही, सरांची. त्यांना आणायला नको होतं, असं मी मनात म्हटलं. परतताना रिक्षात मी जरा तोऱ्यातच विचारलं, ‘सर, तुम्हांला नक्की पाहिजे तरी काय? पुण्याने माफी मागायची? वाडे पाडायचे?’

‘वाडे बिल्डर पाडतायत, त्यांना माझी मदत नको,’ ते म्हणाले. ‘माफी मागून कोणाला देणार? घ्यायला कोण उरलंय? अहो, या गावात इथे अमके राहत होते, तिथे तमके वारले, अशा निळ्या पाट्या लावतात की नाही? त्याच पाटीवर खाली एक ओळ घाला. या घरात याही होत्या. नाव माहीत असेल तर नाव लिहा. नसेल तर नाव माहीत नाही असं लिहा. पण लिहा. पाट्या लिहिण्यात तर आपला हात कोणी धरत नाही.’

अशा मजकुराचा अर्ज त्यांनी एका सरकारी कचेरीला केलाही होता. उत्तर आलं, की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी उद्यान विभागाकडे वर्ग केला आहे. ते पत्र सरांनी उजव्या खिशात बरेच महिने बाळगलं. कोणी भेटलं की दाखवत. ‘बघा, बागेत घेतायत त्यांना. प्रगती आहे.’

आता आमच्या कागदाकडे येते. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरते आहे, कारण तो सांगायला मला अजूनही बरं वाटत नाही.

आमचे एक पूर्वज पेशवाईत कोणा सरदाराकडे कारभारी होते. आमच्या घराण्याचं हे एकुलतं एक वैभव, त्यामुळे त्यावर आम्ही सात पिढ्या जगतो आहोत. त्यांनी मुलीचं लग्न थाटात केलं आणि आंदण म्हणून काय काय दिलं, त्याची यादी आमच्याकडे आहे. आजोबांनी ती पहिल्या आवृत्तीत पानभर छापली होती. दुसऱ्या आवृत्तीत मूळ कागदाचा रंगीत फोटोही घालायचं ठरलं, कारण आता स्कॅनर आला होता. फोटोशेजारी वाचन हवं, म्हणून मी कागद सरांकडे नेला.

हात धुऊन सर वाचायला बसले. वाचत वाचत यादीच्या मध्यावर आले आणि उभे राहिले.

‘उठा. बाई आली.’

‘आमच्याकडे?’ मी म्हणाले. मी खरंच असं म्हणाले.

ती बाई म्हणजे तुळशी. वय पंचवीस, दळणकांडणाला चांगली, डाव्या हातावर भाजल्याचा डाग. आंदण म्हणून मुलीबरोबर दिली. पुढे अर्धी ओळ : तिची मुलगी, वय दोन, घरी ठेवून घेतली. मुलीचं नाव लिहिलेलं नव्हतं. तुळशीच्या वरची ओळ गाईंची होती, खालची घंगाळांची.

सरांनी भिंग पुन्हा वरच्या ओळीवर नेलं. मग म्हणाले, ‘गाई वासरांसकट दिल्या आहेत.’

मी घरी येऊन आजोबांची आवृत्ती उघडली. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं पान. त्यात छापलं होतं : गाई चार वासरांसह, मग तीन टिंबं, मग तांब्याची घंगाळे दोन. फाटलेली जागा असेल, असं मी समजत आले होते. कागद तिथे कुठेही फाटलेला नाही. पुढच्या रविवारी मी ते पान सरांना दाखवलं.

‘हे वाचन कोणी केलं?’

‘माझ्या आजोबांनी.’

‘मोडी उत्तम येत होती त्यांना,’ सर म्हणाले. ‘बाकी यादीत एक चूक नाही.’

माझे आजोबा देवमाणूस होते. रेशनच्या दुकानात चुकून जास्त आलेली साखर परत नेऊन देणारे. त्या माणसाने ती ओळ वाचली, समजली, आणि तिच्या जागी तीन टिंबं ठेवली.

मी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना राग येईल तो त्या पूर्वजांचा. तो माझा आला.

‘माझ्या वडिलांनी बारा वर्षं डोळ्यांत तेल घालून हे पुस्तक केलं. आता मुलाने छापायचं की बापाने लपवलं?’

‘पण लपवलं ना, बाबा.’

‘वगळलं. लपवणं वेगळं.’

समितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. बाबा धरून चार माणसं, पोहे, आणि फोनच्या स्पीकरवर अमेरिकेतले काका, जे मंडळाचे अध्यक्ष. मी वाचन ठेवलं. एक जण म्हणाले, त्या काळी सगळीकडेच होतं. दुसरे म्हणाले, आपल्या घरात ती घरच्यासारखीच राहिली असणार. म्हणजे घरच्या माणसाला लेकरू ठेवून घेऊन आंदण देतात, हे मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या काकू पोक्त, त्यांनी खरं ते बोलून टाकलं : ‘अगं, लग्न जमवताना लोक हे पुस्तक चाळतात. नसत्या शंका कशाला?’ आणि फोनमधून अध्यक्ष म्हणाले, ‘ओळ नकोच. आणि ती टिंबंही काढा. इथली मुलं विचारतात, व्हॉट इज मिसिंग हिअर?’

बाबा टिंबांना तयार नव्हते. ‘वडिलांनी ठेवली आहेत, राहू द्या.’ पण त्यांचं एक मत होतं आणि बाकीची चार.

पुस्तकाची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती. माझा हात कोणी धरला नव्हता, मला कोणी कोंडून ठेवलं नव्हतं. मी तुळशीची ओळ निवडली आणि पुसली. मग टिंबं पुसली. गाई आणि घंगाळं एकमेकांना जाऊन चिकटली. मूळ कागदाचा फोटोही मी वरून कापून घेतला, फक्त श्रीकार आणि वळणदार पहिल्या तीन ओळी दिसतील इतका. सगळ्याला मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

कॉम्प्युटरबद्दल सर मागे एकदा बोलले होते, ते मला तेव्हा आठवलं. मी त्यांना हौसेने दाखवलं होतं की लिहिलेलं कसं पुसता येतं आणि पुसल्याची खूणही राहत नाही. ते म्हणाले होते, ‘हे फार वाईट यंत्र आहे. आमच्या कारकुनाला निदान खाडाखोड करावी लागायची. ती दिसायची.’

प्रकाशन झालं ते कुलसंमेलनात, कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात. चारशे माणसं, सगळी एका आडनावाची. शाखावार नावं पुकारली, ती ती शाखा उठून उभी राहिली, टाळ्या झाल्या. अमेरिकेतले काका खास आले होते. ते भाषणात म्हणाले, की ते राहतात त्या शहरात एकेकाळी माणसांचा बाजार भरत असे. आता तिथे म्युझियम आहे, बाजाराच्या जागी फलक आहे, आणि शाळेतली मुलं तिथे फुलं ठेवतात. ‘तो फलक वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शहराने आपल्या पापाकडे कसं बघावं ते त्यांच्याकडून शिकावं. आपलं भाग्य, की आपल्या संस्कृतीत हे नव्हतं.’ टाळ्या.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. या माणसाने फोनवरून टिंबं काढायला लावली होती, आणि याला परक्या बाजाराच्या पाटीसमोर रडू येत होतं. सात समुद्रांपलीकडचं पाप सगळ्यांना स्पष्ट दिसतं. घरच्याला मात्र घंगाळं आडवी येतात. मला तेव्हा उठून ओरडावंसं वाटलं, अजूनही वाटतं. पण पुसलं होतं ते त्याने नाही, मी.

मग सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पुस्तकाची पहिली प्रत. सरांनी प्रत तिथेच उघडली. त्यांना पान शोधावं लागलं नाही. उभ्यानेच वाचलं, भिंग न लावता. मग माइकजवळ गेले.

‘उठा,’ ते म्हणाले. ‘बाई आली आहे.’

चारशे माणसांना काही कळलं नाही. काही जण अर्धवट उठले, त्यांना वाटलं राष्ट्रगीत आहे. सरांनी उजव्या खिशातून चिठ्ठी काढली. ‘आपल्या घराण्याची एक शाखा पुकारायची राहिली. तुळशी, वय पंचवीस.’ थांबले. ‘तुळशीची मुलगी, वय दोन. नाव लिहिलेलं नाही.’ परत थांबले. ‘यांच्यासाठी कोण उभं राहतंय?’

अर्धवट उठलेले होते ते खाली बसले. बाबांनी मान खाली घातली. सर माझ्याकडे बघत होते. त्या सभागृहात त्यांचा अर्थ नेमका समजलेली मी एकटी होते, आणि मी खुर्चीच्या दांडीला धरून बसून राहिले. उभ्या होत्या त्या फक्त भिंतीलगतच्या चार-पाच बायका, पाण्याचे जग घेऊन. त्या केटररच्या. त्या सकाळपासूनच उभ्या होत्या.

‘सर, पंगत खोळंबलीय,’ अध्यक्ष म्हणाले.

सरांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला. पुस्तक मात्र नेलं. माझ्या रांगेपाशी आले तेव्हा हळूच म्हणाले, ‘तुमच्या आजोबांना लाज वाटली होती, म्हणून टिंबं. तुम्ही तीही पुसलीत.’

पुढच्या रविवारी मी वर्गाला गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. सरांनी हजेरी घेतली. माझ्या आधीचं नाव घेतलं, काका ‘हजर’ म्हणाले. मग माझ्या नंतरचं नाव घेतलं. मध्ये थांबले नाहीत, वर बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर दर रविवारी तसंच. बाकी वागण्यात काही फरक नाही. माझे शब्द तपासायचे, अडलं तर समजावून सांगायचे, आजारी होते तेव्हा डबा नेला तर घेतला. फक्त हजेरीत मी नव्हते. मी सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. एका चुकीची एवढी शिक्षा? असा कोण लागून गेला हा माणूस? मी समोर बसलेय, धडधडीत दिसतेय, आणि माझं नाव घेत नाही! चिडून घरी यायचे, आणि जिना चढता चढता लक्षात यायचं की मी आत्ता काय बोलले. असं साडेचार वर्षं चाललं.

सर गेले ते झोपेत, काही न सांगता. वर्ग तेव्हाही चालूच होता. त्यांची पुतणी कात्रजला राहते. ती एक दिवस पिशवी घेऊन आली. ‘काकांनी उजव्या खिशात चिठ्ठी ठेवली होती, ही वही तुम्हांला द्यायची म्हणून.’ वही म्हणजे हजेरीपट. मी हात धुतले आणि उघडला. संमेलनानंतर त्यांनी नवा पट आखला होता. माझ्या आधीचं नाव, माझ्या नंतरचं नाव. मध्ये त्यांनी एक ओळ सोडली होती, आणि त्या ओळीवर बोरूने तीन टिंबं काढली होती. पुढचा प्रत्येक पट तसाच.

माझी जागा त्यांनी पुसली नव्हती. मी त्या दिवशी खूप रडले, आणि रडता रडताही त्यांच्यावर चिडलेच होते. जिवंतपणी सांगता आलं नसतं का?

यंदा कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती निघायची आहे. पेठेत अजून त्या ओळीची पाटी लागलेली नाही, आणि आमच्या हयातीत लागेल असं वाटत नाही. बायपासपलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, नव्या सोसायट्यांना कुठल्या कुठल्या वाड्यांची नावं दिली, सुरक्षारक्षकाला पगडी घातली. त्या वाड्यांत जातं कोण ओढत होतं, ते अजून कोणाच्या रूटवर नाही. शहराचं मी काही करू शकत नाही. पण पुस्तकाची फाइल अजूनही माझ्याकडे आहे.

समितीची बैठक परवा आमच्या हॉलमध्ये झाली. तेच पोहे, माणसं थोडी बदललेली, अमेरिकेतले काका या खेपेला लॅपटॉपच्या पडद्यावर. मी सरळ सांगितलं. तुळशीची ओळ यादीत जाणार, मूळ कागदाचा फोटो पूर्ण छापणार, आणि खाली एक टीप जाणार की पहिल्या आवृत्तीत ही ओळ आजोबांनी वगळली आणि दुसऱ्या आवृत्तीत ती मी पुसली. माझ्या नावासकट. हे नको असेल तर दुसरं कोणी पुस्तक पहिल्यापासून टाइप करावं.

‘पण आता कशाला उकरून काढायचं?’ कोणीतरी म्हणालं.

मी कागद घेतला आणि उभी राहिले. ‘उठा,’ म्हटलं. ‘बाई आली आहे.’ माझा आवाज सरांसारखा आला नाही. चिरकला. कोणी उठलं नाही. पडद्यावर काका चष्मा पुसत होते.

‘तुळशी, वय पंचवीस,’ मी वाचलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची करकरली. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांनी काठी टेकली, खुर्चीच्या हातावर दुसरा हात दाबला, एकदा प्रयत्न केला, परत बसले, परत प्रयत्न केला. पडद्यावरून काका म्हणाले, ‘अहो दादा, तुम्ही कशाला उठताय? तुम्ही बसा.’

‘आत्तापर्यंत बसलोच होतो,’ बाबा म्हणाले.

मग ते काठीवर भार देऊन सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. ‘गाईंपासून वाच,’ म्हणाले. ‘मला वासरं ऐकायची आहेत.’

मी गाईंपासून वाचायला सुरुवात केली.